जबाब

2009 सालची दिवाळी सरून चार दिवस झाले असतील. सकाळच्या शाळेतून घरी आलो, तर सोप्यात डोंगरावरचा म्हातारबा घोंगडं टाकून बसलेला. पायताणं उंबऱ्याच्या बाहेर, काठी भिंतीला टेकवलेली, आणि पुढ्यात दुधाच्या पिशवीत गुंडाळलेले कसलेतरी कागद. शेजारी नेहमीसारखी तुपाची बाटली. तुपाची बाटली आणली म्हणजे काहीतरी काम आहे, एवढं आमच्या घरात लहान पोरालाही कळायचं.

"मास्तर, येवढं लिवून द्या," तो म्हणाला. "पोरगं म्हणतंय, आता कायदा आलाय. आमी हितलंच हाय म्हणून लिवून दिलं की जागा आमच्या नावावं हुतीया."

पिशवीतून वनहक्काच्या दाव्याचा अर्ज निघाला. चांदोलीच्या वरच्या अंगाला, जिथं शिराळा तालुका संपतो आणि पाटणचा सुरू होतो, त्या सड्यावर त्यांचा धनगरवाडा. सात घरं. गवळी धनगर. म्हशी, थोडी नाचणी, थोडी वरी, आणि उतारावरच्या वाटेनं खाली वारणाकाठाला आणून विकायचं तूप. माझ्या आज्जापासून आमचा आणि त्यांचा घरोबा. आमची भाकड जनावरं पावसाळ्याआधी त्यांच्याकडं वर जायची आणि दसऱ्याला गुटगुटीत होऊन खाली यायची.

मी पेन काढलं आणि पहिलाच रकाना विचारला. वय?

"लिवा की तुमच्या हिशेबानं."

"अवो, वय तुमचं. माझा हिशेब कसा चालंल?"

तो थोडा विचारात पडला. मग म्हणाला, "कोयनंचा भूकंप झाला तवा मला दोन पोरं हुती. धाकटं पाळण्यात हुतं. पहाटंचं पाळणा आपूआप हाललेला म्या बघितलाय."

11 डिसेंबर 1967. वय अंदाजानं अडुसष्ट-सत्तर. लिहिलं. पण पुढचा रकाना खरा कठीण होता.

संसदेनं 2006 साली वनहक्काचा कायदा केला, त्याचं नाव लांबलचक आहे. अनुसूचित जमाती आणि इतर पारंपरिक वननिवासी, अशी त्यात दोन प्रकारची माणसं सांगितलीत. पहिल्या प्रकारात बसणाऱ्यांनी 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून जमीन कसत होतो, एवढं दाखवलं तरी पुरतं. दुसऱ्यांनी मात्र त्या तारखेच्या मागं तीन पिढ्या, म्हणजे पंच्याहत्तर वर्षं, तिथं राहत असल्याचं सिद्ध करायचं. महाराष्ट्रात धनगर हे अनुसूचित जमातीच्या यादीत नाहीत. ते भटक्या जमातींत. त्या यादीवरून केवढं राजकारण चाललंय ते वाचकांना सांगायला नको. पण सड्यावरच्या म्हाताऱ्याच्या दृष्टीनं त्याचा अर्थ एवढाच, की तो दुसऱ्या दारानं आत जाणार आणि त्या दारावर पंच्याहत्तर वर्षांचा अडसर.

मी वहीच्या कोपऱ्यात वजाबाकी केली. 2005 मधून पंच्याहत्तर गेले, राहिले 1930. आकडा बघितला आणि हसावं की काय करावं कळेना.

1930 म्हटलं की आमच्या भागात एकच गोष्ट आठवते, बिळाशी. त्या वर्षीच्या जंगल सत्याग्रहात बिळाशीच्या लोकांनी सरकारी जंगलातलं सागाचं झाड तोडलं, त्याचा झेंड्याचा खांब केला आणि गावात उभा केला. तो उतरवायला पोलीस आले, बंदुका चालल्या, माणसं मेली. तेव्हा शिराळा सातारा जिल्ह्यातच होता, सांगली जिल्हा पुढं झाला. आम्ही शाळेत ही गोष्ट किती अभिमानानं शिकवतो! चौथीच्या पोरांना मी दरवर्षी सांगायचो, की जंगल लोकांचं होतं, इंग्रजांनी कायदे करून ते काढून घेतलं. 1878 चा कायदा, 1927 चा कायदा. चराईला बंदी, कुऱ्हाडीला बंदी. जोतीराव फुल्यांचं मूळ गाव कटगुण, आमच्याच साताऱ्यातलं. त्यांनी 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये जंगलखात्यानं गरिबाची गुरंढोरं कशी कोंडीत आणली ते बिळाशीच्या पन्नासेक वर्षं आधीच लिहून ठेवलंय.

आणि आता स्वतंत्र देशाचा कायदा, तोही भल्यासाठीच केलेला, म्हाताऱ्याला विचारत होता की त्या 1930 च्या आधी तू इथं होतास याला पुरावा काय?

त्या काळात डोंगरावर लिहिणारं होतं कोण? जंगलखातं आणि पोलीस. धनगराचं नाव कागदावर चढायचं ते एकाच कारणानं, गुन्ह्यासाठी. राखीव जंगलात म्हशी शिरल्या, दंड झाला, पावती फाडली. आज ती पावती सोन्याच्या मोलाची आहे, कारण सरकारी कागदावर तारीख आणि नाव दोन्ही असतं. गुन्ह्याचा कागद हाच हक्काचा कागद.

मी म्हणालो, "तुमच्या बापाला, आज्ज्याला दंड झाला असंल की कवातरी. पावती हाय का?"

म्हातारबा हसला. "पावती कशी असंल? आमचा आज्जा लई शाना. दंडाची पाळीच येऊ द्याचा न्हाय. फारिस्टवाला आला की लोण्याचा गोळा पुढं करायचा."

दंड भरला असता तर पुरावा राहिला असता. लोणी दिलं त्याची पावती कोण फाडतंय? ज्यांनी भांडून दंड भरला त्यांची नातवंडं आज पुराव्यानिशी उभी आहेत, आणि ज्यांनी हातापाया पडून, मिळतंजुळतं घेऊन दिवस काढले त्यांच्या हाती काही नाही. गरिबाला आपण एरवी शहाणपण शिकवतो, की बाबा मिटवून घे, कोर्टकचेरीत पडू नको. ते शहाणपण दोन पिढ्यांनी असं अंगाशी येतं.

कायदा करणाऱ्यांना ही अडचण ठाऊक नव्हती असं नाही. नियमांत पुराव्यांची यादी बरीच मोकळ्या मनानं केलेली आहे. जुनी घरं, विहिरी, पुरल्याच्या जागा, देवाच्या जागा चालतात. आणि दावेदार सोडून दुसऱ्या वडीलधाऱ्या माणसाचा लिहून घेतलेला जबाबही चालतो. एकापेक्षा जास्त पुरावे हवेत एवढंच. सड्यावर विरोबाचं ठाणं होतं, दगडी उखळ होतं. राहिला जबाब. वाड्यात म्हातारबापेक्षा थोरलं कुणी उरलेलं नव्हतं आणि तो स्वतः दावेदार. म्हणजे बाहेरचा म्हातारा पाहिजे, ज्यानं तो वाडा जुन्या काळी बघितलाय.

असा एकच माणूस होता, आणि तो माजघरात खाटेवर पडून आमचं सगळं बोलणं ऐकत होता. माझे वडील. आण्णा. वय चौऱ्याऐंशी.

आता इथं आमच्या घरची एक गोष्ट सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही.

चांदोलीचं धरण झालं, वारणेचं पाणी अडलं, चौतीस टीएमसी. त्या पाण्यावर आमच्या काठचा ऊस उभा राहिला, माझी डीएडची फी त्या उसावरच भरली. ज्यांची गावं पाण्याखाली गेली ती माणसं उठवून खाली लाभक्षेत्रात आणली. पुढं 1985 साली वरच्या जंगलाचं अभयारण्य झालं, 2004 ला राष्ट्रीय उद्यान, आणि पाण्यातून वाचलेली उरलीसुरली गावंही एकेक करून उठली. कोयनेलाही तेच झालं, आधी शिवसागरानं खालची गावं घेतली, मग वर सरकून बसलेल्यांच्या डोक्यावर अभयारण्य आलं. ह्या सगळ्या माणसांना जमीन द्यायची कुठून? तर ज्यांना पाण्याचा लाभ झाला त्यांच्याकडून. पुनर्वसनाच्या कायद्यात तसा हिशेबच आहे, ठरावीक मर्यादेच्या वर ज्याची जमीन, त्याच्याकडून तुकडा काढून घ्यायचा. न्याय म्हणून बघितलं तर इतका सरळ न्याय क्वचित सापडेल. पण आमची दोन एकर त्यात गेली. विहिरीजवळची, काळीभोर. त्या दिवशी आण्णा जेवले नाहीत. पुढं वीस वर्षं त्या पट्टीच्या बांधावरून जाताना ते तोंड फिरवून चालायचे. तिथं राहायला आलेल्या माणसांनी त्यांचं काय घोडं मारलं होतं? त्यांचं तर अख्खं गाव गेलं होतं. पण माणसाला आपला दोन एकरांचा तुकडा दुसऱ्याच्या गावापेक्षा मोठा दिसतो. मलाही दिसायचा, खोटं कशाला बोलू.

आण्णा खाटेवरूनच म्हणाले, "काय रं, तुमालाबी खाली आणणार हायती काय? म्हंजी माझी आणि एक पट्टी गेली."

म्हातारबा म्हणाला, "तुमची पट्टी मला काय करायचीया? माझ्या म्हशीला ऊस मानवत न्हाई."

दोघं हसले. मला वाटलं, झालं काम.

मी दुसऱ्या दिवशी तालुक्याला गेलो, जबाब कसा लिहायचा ते विचारायला. एका कचेरीत ओळखीचा कारकून होता, मनानं चांगला. त्यानं सल्ला दिला. "गुरुजी, मोघम लिहू नका. वर्ष घाला. मी अमुक अमुक, सन 1929 साली वडिलांसोबत सदर वाडीत गेलो असता सदर कुटुंब तिथं वास्तव्यास असल्याचं स्वतः पाहिलं. असं लिहिलं की प्रश्नच मिटला. कोण बघतंय, ऐंशी वर्षांपूर्वीचं?"

घरी येऊन मी तसंच लिहिलं. अक्षर माझं वळणदार, मजकूर झकास जमला. संध्याकाळी आण्णांना वाचून दाखवला आणि अंगठ्याची शाई पुढं केली. सही करायचे ते, पण त्या दिवसांत हात थरथरायचा.

त्यांनी हात मागं घेतला. "1929 ला मी किती वर्साचा हुतो?"

"चार."

"चार वर्साचं पोरगं सड्यावर जातंय व्हय? मी पयल्यांदा गेलो तवा आठ-नऊ वर्साचा हुतो. बिळाशीच्या झेंड्यानंतर तीन-चार सालांनी."

मी म्हणालो, "आण्णा, ती माणसं तिथं त्याच्याबी आधीपासनं होती, हे खरं का न्हाई?"

"खरं हाय."

"मग चार वर्सांनी काय बिघडतंय?"

"खरं हाय म्हणून तर. खऱ्याला खोटं कशाला जोडायचं?"

मी चिडलो. आजही त्या चिडण्याची मला पुरती लाज वाटत नाही. माझं म्हणणं असं होतं, की समोरच्यानं जो पुरावा मागितलाय तो खऱ्या माणसाला देताच येणार नाही असा आहे. ज्यांच्याजवळ कागद असू दिला नाही त्यांच्याकडं कागद मागायचा, आणि नाही म्हटलं की ते लबाड. अशा ठिकाणी एक वर्ष मागं-पुढं लिहिलं तर ते खोटं कसलं? आणि दुसरं म्हणजे, खरं बोलण्याची चैन आम्हाला परवडत होती. आमचा सातबारा कपाटात होता. आण्णांनी हात मागं घेतला तर त्यांचं मन स्वच्छ राहणार होतं, पण घर दुसऱ्याचं जाणार होतं. दुसऱ्याच्या घराच्या किमतीवर आपलं मन स्वच्छ ठेवणं, ह्याला सत्य म्हणायचं का?

म्हातारबालाच विचारलं. तो म्हणाला, "लिवा की काय बी. जागा ऱ्हाऊ द्या म्हंजी झालं." त्याच्या दृष्टीनं लिहिणं हा सरकारचा खेळ होता. सरकारनं इतकी वर्षं त्याच्याविषयी वाटेल ते लिहिलं, आता आपण आपल्या सोयीचं लिहायचं. त्यात पाप कसलं?

पण आण्णांच्या बाजूनंही एक गोष्ट होती, ती मला त्या रात्री झोप लागेना तेव्हा सुचली. डोंगरावरच्या माणसाजवळ कागद नाही. आहे तो फक्त शब्द. कायद्यानं पहिल्यांदाच म्हाताऱ्या माणसाच्या शब्दाला कागदाच्या शेजारी पाट मांडून बसवलं होतं. तो शब्दही आपण कारकुनाच्या साच्यात घालून दिला, तर मग उद्या सगळेच जबाब एका छापाचे निघतील, आणि कुणीतरी साहेब म्हणेल, बघा, मी म्हणत नव्हतो ह्या लोकांवर विश्वास ठेवू नका? त्याचं ते म्हणणं मग खोटं पाडता येणार नाही. ह्या दोन बाजूंपैकी कुठली जड, हे मला तेव्हा ठरवता आलं नाही आणि आजही ठरलेलं नाही.

सकाळी आण्णांनीच हाक मारली. "घे, लिव." आणि त्यांनी सांगितलं ते मी जसंच्या तसं लिहिलं. ते आठ-नऊ वर्षांचे असताना वडिलांबरोबर भाकड म्हशी सोडायला सड्यावर गेले. वाड्यात तेव्हा चार घरं होती. म्हातारबाच्या आज्जानं त्यांना ताक दिलं, ते फार आंबट होतं. पहिल्या घरापुढं फणस होता. त्या फणसाला त्यांनी आणि त्यांच्या बापानं मिळून कव घातली, तरी दोघांची बोटं एकमेकाला टेकली नाहीत. फणस आपोआप आलेला नव्हता, त्याच्याभोवती दगडाचा पार बांधलेला होता. "आणि आसंबी लिव," आण्णा म्हणाले, "की एवढा फणस चार-पाच वर्सांत हुत न्हाई."

मी वर बघितलं. खाटेवर बसून म्हाताऱ्यानं पंच्याहत्तर वर्षांचा अडसर असा बाजूला केला होता, एकही वर्ष खोटं न लिहिता.

अर्थात जबाब चांगला असला म्हणजे दावा मंजूर होतो असं नाही. ग्रामसभेच्या वनहक्क समितीनं ठराव केला, फाईल प्रांताच्या समितीकडं गेली. जानेवारी 2010 मध्ये चांदोली आणि कोयना मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. कायदा म्हणतो, वाघाच्या गाभा क्षेत्रातूनसुद्धा हक्क ठरवल्याशिवाय आणि ग्रामसभेच्या संमतीशिवाय कुणाला उठवायचं नाही. कागदावर फार चांगलं आहे. पण संमती घ्यायला येणारा माणूस जेव्हा सांगतो की वर रस्ता होणार नाही, वीज येणार नाही, शाळा येणार नाही, तेव्हा ती संमती कसली आणि नाइलाज कसला, हे कुठल्या रकान्यात लिहायचं? दूर गडचिरोलीत मेंढा गावानं 2009 मध्येच आपल्या जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. तिथं अख्खं गाव एका विचारानं बसलेलं होतं, वर्षानुवर्षं अभ्यास केलेला होता. आमच्या सड्यावर सात घरं, त्यातल्या तिघांची पोरं मुंबईला.

2019 च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयानं फेटाळलेल्या दावेदारांना जंगलाबाहेर काढायला सांगितलं आणि पंधरा दिवसांत त्या आदेशाला स्वतःच स्थगिती दिली. त्या पंधरा दिवसांत म्हातारबाचा नातू मला चार वेळा फोन करून विचारत होता, की आमचा दावा फेटाळलाय की पडून आहे? मी चौकशी केली. पडून होता. तेव्हा पडून असणं ही आनंदाची बातमी वाटली.

जंगलाच्या बाजूनं बोलायचं नाही असं माझं म्हणणं नाही. गावं उठली तिथं आता झाडी दाटलीय, गव्यांचे कळप वाढलेत, हे मी डोळ्यांनी बघितलंय. ते जंगल आहे म्हणून वारणेला पाणी आहे आणि माझ्या उसाला ओल आहे. म्हातारबाही काही जंगलाचा पुजारी नव्हता, रेडकू नेलं म्हणून बिबट्याला तो जे बोलायचा ते इथं छापता येणार नाही. आणि कुमरीसाठी त्याच्या वाडवडलांनी उतार जाळलेतच. पण जंगल वाचवायचं म्हटलं की पहिल्यांदा त्याचीच कुऱ्हाड का दिसते? माझा ऊस कुणाला दिसत नाही. त्या जंगलाचं पाणी सर्वांत जास्त पितो मी, आणि त्याची किंमत मोजायला सांगितली ती सड्यावरच्या सात घरांना. केनियात माउ जंगलातल्या ओगिएक लोकांनाही असंच सांगितलं होतं, की जंगल राखायचंय, तुम्ही निघा. 2017 मध्ये आफ्रिकेच्या मानवी हक्क न्यायालयानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला. वर्तमानपत्रात वाचलं तेव्हा कात्रण कापून ठेवलं होतं, म्हातारबाला वाचून दाखवीन म्हणून. पण तो आदल्या पावसाळ्यातच गेला होता. आण्णा त्याच्याही आधी.

आता ताडोबाहून वाघीण आणून चांदोलीत सोडलीय. येऊ दे, तिचं भलं होवो. पोरं म्हणतात, तिला कुणी पंच्याहत्तर वर्षांचा दाखला मागितला नाही. पोरांचं बोलणं आहे, मी हसून सोडून देतो.

गेल्या उन्हाळ्यात नातू आला होता. तुपाची बाटली नव्हती. म्हशी दोनच उरल्यात म्हणाला. मागच्या पावसाळ्यात वाऱ्यानं फणस पडला, पारासकट उपटून. लाकूड हलवायचं तर परवानगी लागते, म्हणून तसाच आडवा पडून आहे. पडला त्या दिवशी त्यानं बुंध्याला दोरी गुंडाळली, जुळली तिथं गाठ मारली आणि दोरी गुंडाळून ठेवली होती. ती त्यानं माझ्यापुढं टाकली. आम्ही दोघांनी सोप्यात पसरून मोजली. आठ हाताला चार बोटं कमी.

"मास्तर," तो म्हणाला, "ही फायलीला जोडता येतीया का बघा की."

दोरी सध्या माझ्याकडंच आहे, सोप्यातल्या खुंटीला. सोमवारी प्रांताच्या कचेरीत जायचं ठरलंय.